निळ्याचा बांध

मासे म्हणजे शांत जीव, असं कुणी म्हणालं की माझं टाळकंच फिरतं. मी शिरवळला घरी काचेच्या टाकीत आफ्रिकन सिक्लिड पाळतो. हे खडकात राहणारे मासे, एकेका कपारीसाठी जिवावर उठतात. त्यातला एक निळा तर मधला दगड बळकावून बसला आणि बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडायला लागला. एक पिवळा बिचारा फिल्टरच्या मागनं बाहेरच येईना.

तेवढ्यात आटपाडीहून मामा आले. त्यांची सगळी हयात भावकीशी शेताच्या बांधावरून भांडण्यात गेलेली. टाकीपुढं खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ह्यो निळा शेजाऱ्याचा बांध कोरतोय रं!"

मी बाह्या सारून पाण्यात हात घातला, तसे मामा ओरडले, "दगड हलवू नगंस गड्या, खून पडत्याल!"

"आवं मामा, माशांचं उलटं असतंय. दगड हलवले की भांडण मिटतंय."

मी सगळे दगड उचलून नव्यानं रचले. निळा आपला दगड शोधत टाकीभर फिरला, दमला आणि कोपऱ्यात गप झाला. पिवळा पहिल्यांदाच मोकळा पोहायला लागला.

मामांचा चहा गार झाला, तरी नजर टाकीवरच. शेवटी म्हणाले, "कुणाचं कुठं हुतं ते आता कुणालाच ठावं न्हाई, म्हणून सुखी हायती."

मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "फकस्त ह्यास्नी सातबारा दावू नगंस."