टाकीच्या तोंडाशी

सासू : एकाच कारखान्यातून, एकाच बसने आलात आणि एकमेकांकडे बघतही नाही. मुलाखतीचं काय झालं, ते कोणी सांगेल का?

सून : झाली की, आई. पुढचं बाबांनाच विचारा.

सासरे : मला काय विचारायचं? मी फोरमन माणूस. टाक्या, पंप, एवढंच मला कळतं.

सासू : म्हणजे नाही घेतलं. मी म्हणतच होते. जाहिरातीत दहा वर्षांचा अनुभव, हिचा सहाचा. शिवाय सासरा फोरमन आणि सून सुरक्षेची मॅनेजर. बरं दिसतं का ते?

सून : अनुभवावरूनच अडलं, आई. रसायनशास्त्राची पदवी चालली, औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा चालला. चार वर्षं तेवढी कमी पडली. साहेब म्हणाले, 'आलाच आहात तर कारखाना बघून जा.' गोड बोलून वाटेला लावत होते.

सासरे : मग गुमान जायचं होतं.

सून : निघालेच होते. वाटेत एका टाकीचं झाकण उघडं दिसलं. आत माणूस, बाहेर लक्ष ठेवायला कोणी नाही. कमरेला दोर नाही, आतली हवा तपासलेली नाही.

सासू : अगंबाई. कोण तो शहाणा?

सासरे : असेल कोणीतरी. चहात साखर कमी आहे.

सासू : साखर तुम्हाला बंद केलीय डॉक्टरांनी. तू बोल गं.

सून : वाकून हाक मारली, 'आधी बाहेर या.' आतून उत्तर आलं, 'दोन मिनिटांचं काम आहे, तीस वर्षं उतरतोय.' आवाज ओळखीचा निघाला. साहेब कानाशी म्हणाले, 'राहू द्या, आमचे सगळ्यात जुने फोरमन आहेत.'

सासू : जुने फोरमन? अहो, तुम्ही होतात आत?

सासरे : मदतनीसाला पाना आणायला पाठवलं होतं. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बोभाटा. म्हणे, 'तुम्ही वर येईपर्यंत मी इथून हलणार नाही.' सगळ्या खात्यासमोर मला शिडीवरून वर आणलं.

सून : रागवा मला, बाबा. पण घरचे म्हणून कानाडोळा केला असता, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवलं असतं?

सासू : आणि साहेब?

सून : मला बाहेर बसवून बाबांना केबिनमध्ये बोलावलं. काय बोलणं झालं, ते बसमध्येही सांगेनात. खिडकीबाहेर बघत बसले.

सासरे : विचारलं, 'सून तुमच्या कामात लक्ष घालणार, चालेल का? हरकत असेल तर दुसरं कोणी बघू.' म्हटलं, हट्टी आहे, तोंडाळ आहे, घरातही कोणाचं ऐकत नाही.

सून : झालं म्हणजे.

सासरे : पुढचं ऐक. दोन मिनिटांचं काम म्हणालो खरा, पण तेव्हाच मला आत गरगरत होतं. ही हटली असती, तर मी हट्टाने तिथेच बसलो असतो. तेही सांगितलं साहेबांना. म्हटलं, हिची चार वर्षं कमी पडत असतील, तर माझ्या तिसातली धरा. ते म्हणाले, 'पहिल्या तारखेपासून पाठवा.'



सासू : सूनबाई, तिथे पायात जाड बूट लागत असतील ना? उद्या सकाळी घेऊन येऊ.