पासपोर्ट चोरीला गेल्याची तक्रार

अमेरिकेत पोलिसांनाच इमिग्रेशनच्या कामाला लावून शहर सुरक्षित करायला निघालेत म्हणे, आणि चोर सोडून तक्रार करणाऱ्यालाच धरतात! अरे, टेक्सासला शिकत होतो तेव्हा कुणीतरी माझ्या गाडीची काच फोडून बॅग पळवली, आत पासपोर्ट. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गाडीतून पोलीस स्टेशनला नेलं आणि बाहेर थांबल्या.

काउंटरवरचा ऑफिसर म्हणाला, "आधी पासपोर्ट दाखव."

"तोच तर चोरीला गेलाय!"

"मग तू इथे कायदेशीर आहेस कशावरून? इमिग्रेशनचं काम आता आम्हीही करतो. त्यांना फोन लावतो, तोवर बस."

मी बाकावर टेकलो. तरी विचारलं, "आणि चोर?"

"त्याच्यामागे धाडायला माणसं कुठायत?"

तीन तासांनी मी तिथला विद्यार्थी असल्याचा युनिव्हर्सिटीचा फॅक्स आला, तेव्हा सुटलो. गाडी सुरू करताना काकू म्हणाल्या, "चोर मात्र निर्धास्त असेल हो. त्याच्याकडे पासपोर्ट आहे."