नेहमीच्या दोन

समारंभाचे अध्यक्ष माननीय शिवरामशेठ भोईर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, हा घाट घालणारा आमच्या सोसायटीचा केदार, पहिल्या रांगेत बसलेल्या सगुणावहिनी, आणि बाळकुमच्या माझ्या गावकऱ्यांनो, रहिवाशांनो,

शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवून मी बोलायला उभा राहिलोय. कृपया अपमान समजू नका. माझं बोलून झालं की ते मला द्यायचे की नाहीत, हे तुम्हीच ठरवा.

केदार मघाशी फार छान बोलला. म्हणाला, चाळीस वर्षांत बाळकाकांच्या मेडिकलमधून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. कित्येकांना डॉक्टरची पायरी चढायची वेळच काकांनी येऊ दिली नाही! तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. अरे केदार, एवढं खरं बोलायला तुला सांगितलं कोणी?

मी मूळचा डोंबिवलीचा. इथे आलो तेव्हा काळं कुत्रं ओळखत नव्हतं. सगुणावहिनींचे यजमान, आपले काळुराम केणी, त्यांनी रस्त्यालगतचा गाळा मला दिला. वर्षभरात आमचं अरे-तुरे सुरू झालं. पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली, अंग तापलं, की हा गडी रस्त्यातूनच ओरडायचा, ‘बाल्या, नेहमीच्या दोन दे रं!’ मी कात्रीने स्ट्रिप कापायचो आणि दोन गोळ्या पुडीत बांधून द्यायचो. अँटिबायोटिक हो. डॉक्टरची चिठ्ठी लागते त्याला, आणि पूर्ण कोर्सही करावा लागतो, नाहीतर जंतू त्या औषधाला निर्ढावतात. मला काय हे ठाऊक नव्हतं? पण दोन गोळ्यांत बरा होऊन माणूस हसत परत यायचा, आणि माझी छाती फुगायची.

गेल्या वर्षी काळुरामच्या रक्तात प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. बायोप्सी करायचं ठरलं. ‘तुला औषधातलं कळतं, तू चल,’ म्हणून तो मला हॉस्पिटलात घेऊन गेला. आता इथे लेकीबाळी बसल्यात, पण सांगायलाच हवं. तपासायला प्रोस्टेटचा तुकडा शौचाच्या वाटेने सुई घालून काढतात. तिथले जंतू रक्तात जाऊ नयेत म्हणून आधी अँटिबायोटिक देतात. ते देण्याआधी तिथल्या एका तरुण डॉक्टरने नीट विचारलं, ‘आजोबा, गेल्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का?’

काळुराम माझ्याकडे बोट दाखवून हसला. ‘ते ह्या बाल्याला ईचारा. माझा दाक्तर त्योच!’

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. तीनच आठवड्यांपूर्वी मी दोन कापून दिल्या होत्या. त्याच्याआधी किती वेळा, देव जाणे. पण चिठ्ठीशिवाय देतो हे त्या पोरसवदा डॉक्टरपुढे कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हणालो, ‘नाही हो, तसं विशेष काही नाही.’

वहिनी, उठू नका. थोडंच राहिलंय. शिवरामशेठ, तुम्हीही घड्याळ दाखवू नका, पाया पडतो.

डॉक्टरांनी दिलेलं औषध माझ्या त्या गोळ्यांच्याच जातीचं होतं. दुसऱ्या दिवशी काळुरामला हुडहुडी भरली. मग आयसीयू. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्याच्या मुलाने तो मलाच वाचायला दिला, काकांना कळतं म्हणून. औषधांची लांबलचक यादी, आणि एकेका नावापुढे आर, आर, आर. म्हणजे हे औषध त्या जंतूवर चालत नाही. यादीतली निम्मी औषधं माझ्या फळीवर होती. नवव्या दिवशी काळुराम गेला. बायोप्सीचा रिपोर्ट त्यानंतर आला. कॅन्सर नव्हताच.

जाणकार म्हणतील, तुमच्याच गोळ्यांनी झालं कशावरून? असे जंतू कुठूनही येतात. मीही मनाला हेच समजावून पाहिलं. पण मी खरं सांगितलं असतं, तर डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं असतं, काहीतरी वेगळं केलं असतं. प्रश्न मला विचारला होता हो!

मार्च महिन्यात सगुणावहिनी दुकानात आल्या. पोट धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘भावजी, त्यांना द्यायचात त्या दोन गोल्या द्या.’ माझ्या हातातली कात्री उघडीच राहिली. त्या दिवशी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे दुखतात म्हणून तुम्हाला सांगितलं, पण गुडघे माझे ठणठणीत आहेत. आणि मी दुकान बंद करून काय होणार? कालच समोरच्या मेडिकलमध्ये कुणीतरी नेहमीच्या दोन मागत होतं, आणि त्याला मिळाल्याही. मी इकडून नुसता बघत राहिलो.

असो. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, केदारने एवढी धावपळ केली, सगळ्यांचा मी ऋणी आहे. आज बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर ते आपण पोटात घालावं. त्या दिवशी जे बोललो नाही, ते मात्र, वहिनी, तुम्ही पोटात घालू नका.