वीस अंशांची शेपटी

जबाब

नाव कु. पंचफुला देवराव खंडारे, वय २३ वर्षे, धंदा नोकरी, आरेखक (अस्थायी), शिक्षण यंत्र अभियांत्रिकीची पदविका, राहणार अकोट फैल, अकोला. दिनांक २१ नोव्हेंबर १९६७, मंगळवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आले आहे. मजकुरात मापे व आकडे आहेत, म्हणून ठाणे अंमलदारांच्या परवानगीने हा जबाब मी माझ्या हाताने लिहीत आहे.

धर्मपाल देवराव खंडारे हा माझा थोरला भाऊ. तो जानरावजींची टॅक्सी अकोला ते अमरावती चालवतो. काल सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास तो अमरावतीहून येत होता. बोरगावजवळ त्याच्या गाडीच्या डिक्कीवर बसवलेला पत्रा तुटून मागे उडाला आणि रस्त्याच्या कडेने चाललेल्या केशरबाई या मजूर बाईंच्या कपाळाला लागला. त्या अकोल्याच्या दवाखान्यात आहेत. आज सकाळी सात वाजता मी तेथे गेले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. नऊ वाजता गेले तेव्हाही नव्हत्या.

तो पत्रा जुन्या शहरातील अब्दुल रहीम मिस्त्री यांनी बनवला. त्यांचा धंदा पत्र्याच्या पेट्या बनवण्याचा आहे. हलका पत्रा वापरून कच्चे काम केले, या आरोपावरून त्यांना काल संध्याकाळपासून येथे बसवून ठेवले आहे. हा आरोप खोटा आहे. मला माहीत आहे ते सांगते.

गेल्या जुलैत मी वाचनालयात एका परदेशी मासिकात शर्यतीच्या मोटारीचे चित्र पाहिले. तिच्या मागच्या कडेला एक आडवी पट्टी होती. गाडी वेगात असताना टपावरून मागे उतरणारी हवा गाडीचा मागचा भाग किंचित वर उचलते. पट्टी त्या हवेला अडवते, त्यामुळे मागची चाके रस्त्याला धरून राहतात. पट्टी कमी उंचीची आणि योग्य कोनात असेल तर गाडीमागे होणारे हवेचे भोवरे कमी होऊन थोडे पेट्रोलही वाचू शकते. कोन चुकला तर उलट जास्त लागते. हे मी घरी जेवताना धर्मपालला सांगितले.

तो म्हणाला, “मंग आपल्या गाडीले लावून पाहू.”

मी म्हणाले, ती शर्यतीची गाडी आहे.

तो म्हणाला, “मंग काय झालं? हवा काय फक्त साहेबाईच्याच गाडीले लागते?”

जानरावजींनी होकार दिला. मी नकाशा काढला. पट्टीची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी १३ सेंटिमीटर, पत्रा वीस गेज जाडीचा, डिक्की बंद असताना आडव्या रेषेशी कोन २० अंश, सहा बोल्ट. नकाशा घेऊन मी व धर्मपाल अब्दुल रहीम यांच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, “बेटी, ये डिग्री मेरे कू मत बता. लकडी का साचा बना के दे, उस पे बराबर बिठा देता.” मी लाकडी साचा करून दिला. पट्टी साच्याला तंतोतंत बसली. मी स्वतः मोजली.

टॅक्सी स्टँडवर तिला शेपटी म्हणू लागले. नत्थुजी ड्रायव्हर भावाला रोज विचारत, “काहून धर्मपाल, गाडीले शेपूट फुटलं, आता दूध केव्हा देते?”

सप्टेंबरच्या चारही रविवारी मी वही घेऊन गाडीत बसले. अकोल्यात टाकी तोंडापर्यंत भरायची, अमरावतीला पुन्हा तोंडापर्यंत भरायची, मध्ये किती गेले ते लिहायचे. शेपटी लावण्यापूर्वी गाडी लिटरला ८.२ किलोमीटर जात होती. शेपटी लावल्यावर सरासरी ९.३ आली. नत्थुजींनी थट्टा थांबवली आणि सर्वांत आधी त्यांनीच शेपटी करून घेतली. ऑक्टोबरअखेर स्टँडवरच्या सात गाड्यांना शेपट्या होत्या. काहींनी त्यांना लिंबू-मिरची बांधली होती. सातही पट्ट्या अब्दुल रहीम यांनी माझ्याच साच्यावर केल्या.

माझी मोजणी चुकीची होती. ८.२ हा आकडा धर्मपालने रोजच्या खेपांवरून सांगितला होता. त्या खेपांत सहा-सात उतारू, सामान आणि त्याचा नेहमीचा वेग होता. रविवारी गाडीत मी एकटी होते. मी वही उघडून शेजारी बसले की धर्मपाल ताशी ४५ च्या वर जात नसे आणि ट्रकच्या पुढे काढत नसे. हे माझ्या लक्षात आल्यावर ५ नोव्हेंबर रोजी मी पट्टी काढून ठेवली आणि त्याच रस्त्याने, तशाच रिकाम्या गाडीने पुन्हा मोजले. लिटरला ९.४ आले. म्हणजे शेपटीने काही वाचत नव्हते. ताशी ४५ च्या वेगाला वाचण्यासारखे काही नसतेच. वाचले ते गाडी सावकाश चालवल्यामुळे.

त्या संध्याकाळी मी पट्टी पुन्हा बसवली. आकडा वहीत लिहिला. कोणाला सांगितला नाही. अपघातापर्यंत पंधरा दिवस गेले.

का सांगितला नाही, असे विचारले जाईल. स्टँडवरचे लोक मला इंजिनियरबाई म्हणू लागले होते. दुसरे कारण नाही.

आता पत्रा का तुटला ते सांगते. या रस्त्यावरच्या टॅक्सीची डिक्की बंद नसते. उतारूंच्या वळकट्या, पोती, संत्र्यांच्या टोपल्या आत मावत नाहीत, म्हणून झाकण अर्धे उघडे ठेवून दोरीने बांधतात. मी लहानपणापासून हे पाहत आले आहे. नकाशा काढताना मात्र मी झाकण बंद धरले, कारण मासिकातल्या गाडीला ते बंद होते. झाकण दोरीने बांधले की सुमारे ४० अंश वर राहते आणि २० अंशांची पट्टी ६० अंशांवर जाऊन हवेत उभी राहते. हवेचा जोर फार नसतो, तीन-चार किलो. पण सैल झाकण प्रत्येक खड्ड्याला आपटते आणि पट्टी प्रत्येक वेळी बोल्टपाशी वाकते. तार वरखाली वाकवत राहिले तर ती शेवटी तुटते, तसा पत्रा तुटतो.

आज सकाळी ठाण्याच्या आवारात उभी असलेली गाडी मी हवालदारांच्या समक्ष पाहिली. सहाही बोल्ट झाकणात घट्ट आहेत. प्रत्येक बोल्टाखाली पत्र्याचा तुकडा शिल्लक आहे. त्यांपैकी तीन तुकड्यांच्या कडा गंजलेल्या आहेत, म्हणजे तेथे चिरा आधीच पडलेल्या होत्या. तीन कडा चकचकीत आहेत, त्या कालच्या. पत्रा वीस गेजचाच आहे. मी गेजने मोजून हवालदारांना दाखवला. मिस्त्रींच्या कामात दोष नाही. दोष नकाशात आहे आणि नकाशा माझा आहे.

माझा भाऊ धर्मपाल याने काल जबाब दिला आहे की मिस्त्रीचे काम कच्चे होते. काल रात्री घरी मी त्याला विचारले. तो म्हणाला, “तू मंधात पडू नको. नोकरी पक्की व्हाची हाये तुयी. आपल्या घरात नोकरीवर कोन गेलं होतं आजपर्यंत?” मी विचारले, आणि रहीमचाचा? तो म्हणाला, “थे सुटतीन. त्याईले समदे ओळखतात.” मी म्हणाले, ओळखणारे काल संध्याकाळी कुठे होते? त्यावर तो न जेवताच उठला. त्याचा हेतू मला वाचवण्याचा होता. पण त्याने सांगितले ते खरे नाही.

आज सकाळी आठ वाजता मी पाना घेऊन स्टँडवर गेले आणि उभ्या असलेल्या चार गाड्यांच्या पट्ट्या काढल्या. नत्थुजींनी मदत केली. ते थट्टा करतील असे मला वाटले होते. त्यांनी केली नाही. उरलेल्या दोन गाड्या पहाटेच अमरावतीला गेल्या आहेत. त्यांचे नंबर वेगळ्या कागदावर देत आहे. बडनेऱ्याला किंवा मूर्तिजापूरला त्या थांबवून पट्ट्या काढवाव्यात अशी विनंती आहे. हा परिच्छेद लिहिण्यापूर्वी ठाणे अंमलदारांनी फोन केला. लाईन लागली नाही. पुन्हा करतो म्हणाले.

मूळ नकाशा जोडला आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, बोल्टांच्या शेजारी, कागद थोडा घासलेला आहे. त्याविषयी सांगणे जरूर आहे. ऑगस्टमध्ये दुकानात साचा दाखवला तेव्हा अब्दुल रहीम यांनी विचारले होते, “बेटी, और डिक्की खुली रही तो?” मी सांगितले, डिक्की बंदच असते. त्यांनी धर्मपालकडे पाहिले, धर्मपाल हसला. मग त्यांनी माझ्या नकाशावर पेन्सिलीने पट्टीपासून झाकणापर्यंत एक छोटी साखळी काढली आणि म्हणाले, “पेटी के ढक्कन कू लगाते वैसी. टूटी भी तो लटकती रहेंगी, किसी कू लगेंगी नहीं.” साखळीने हवेचा प्रवाह बिघडेल असे मी म्हणाले. घरी येऊन ती खूण मी रबराने पुसली, कारण नकाशा स्वच्छ असावा लागतो. कागद उजेडासमोर तिरपा धरला तर साखळीच्या कड्या दिसतात. पाच आहेत. मी त्या पुन्हा गिरवलेल्या नाहीत. कागद आहे तसा देत आहे.

वरील मजकूर ठाणे अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना अब्दुल रहीम शेजारच्या खोलीत होते व त्यांना ऐकू जात होते. वाचन संपल्यावर त्यांनी आतून सांगितले की, “साहब, ये भी लिखो. मैंने बोला था, मगर जोर दे के नहीं बोला. बच्ची पढी-लिखी थी, मैं चुप बैठ गया.” त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे शब्द येथे लिहिले आहेत. पण ते शब्द बरोबर नाहीत. पट्टी गाडीवर बसवली त्या दिवशी ते खिशात साखळी घेऊन आले होते आणि त्यांनी ती मला दाखवली होती. म्हणजे त्यांनी दोनदा सांगितले.

एवढी दुरुस्ती धरून हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

सही
(कु. पंचफुला दे. खंडारे)
वेळ दुपारी १२ वाजून ५५ मिनिटे