पोस्टरवर गाडी तो चालवत होता

अमरावतीत लायसनच्या रांगेत माझ्यापुढं दर्यापूरच्या दोघी उभ्या होत्या. परीक्षा गीतांजलीची होती, स्कूटी वच्छलाची.

"वच्छला, त्या पिच्चरले टाकीजमधी आपण दोघी अन् मागं पाच जण. शुक्रवारी उतरलाबी."

"पोस्टरच खोटं होतं. हिरो गाडी चालवते, हिरोइन मागं बसून हासते."

"पिच्चरमधी तर त्याले गाडी येतच नाही."

"तिले येते. मैत्रिणीनं शिकवली. लग्न ठरलं तरी तिनं मैत्रीण सोडली नाही, ते मले लई आवडलं."

"तुनंबी मले शिकवली, सोयाबीन निघालेल्या वावरात. तीनदा पाडलं."

"दोनदा. तिसऱ्यांदा तुनं मले पाडलं."

"आमचे हे म्हणत, तुले गाडी कायले पायजे? कुठं जायचं ते सांग, मी सोडतो."

"वीस वर्सं सोडूनच राहिले. तुह्या मनानं कुठं गेली तू?"

तेवढ्यात साहेबांनी नाव पुकारलं. गीतांजलीनं पाय न टेकता आठचा आकडा काढला आणि परत आली.

"पास झाली मी."

"मले माहीत होतं. तुह्या घरून फोन येऊन राहिला, घे."

"हो, झालं. नाही, घ्यायले नका येऊ. वच्छला मागं बसते, आमी सावकाश येतो. अन् आयका, उद्यापासून तुमाले कुठं जायचं असलं तर सांगा. मी सोडीन."