बंद झालेल्या विषयाची परीक्षा

मुलांनी लवकर पदवीधर व्हावं म्हणून आमच्या विद्यापीठानं डिग्री सोपी केली, त्यात माझं काय झालं ते ऐका. माझा एकच पेपर राहिला होता, सांख्यिकीचा. तो निघाला की डिग्री आणि डिग्री दाखवली की रायपूरची नोकरी पक्की. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या खिडकीवरचे बाबू आमच्याच सेक्टर दोन वसाहतीतले, मूळचे विदर्भातले, म्हणून जरा धीर करून विचारलं.

"काका, माझ्या पेपरची तारीख कधी आहे?"

"तो विषय तर बंद झाला पोरी. तुमचाच बोझा कमी केला ना."

"म्हणजे मी पास?"

"पास कशी? तो पेपर काढल्याबिगर डिग्री नाही भेटत."

"मग परीक्षा घ्या."

"जो विषयच नाही, त्याची परीक्षा कोण घेईन?"

मी खिडकीवरून नजर वळवली. शेजारी या सुधारणेचं पोस्टर होतं, त्यावर काळी टोपी उडवणारी हसरी मुलगी. ती नक्कीच दुसऱ्या विद्यापीठातली असणार.

तेवढ्यात बाबूंनी टेबलावरच्या कुठल्याशा कागदावर धाडकन शिक्का मारला आणि मी दचकले.

"कावून घाबरून राहिली?" ते मायेनं म्हणाले. "नव्या कोर्सात फर्स्ट इयरले नाव टाक. तीन वर्षांत मोकळी होशीन."