ताईंनी खोडलेला शेरा

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, मानसोपचार विभागातले माझे सहकारी, आणि आज निवृत्त होणाऱ्या, उद्यापासून ज्यांच्याशी भांडायला मिळणार नाही त्या आमच्या ताई,

वीस वर्षं आमचा एकच वाद. ज्याने लहानपणापासून छळच सोसला, त्याला बरं कसं करायचं? मी म्हणायचो, आठवण बोलून टाकल्याशिवाय सुटका नाही. ताई म्हणायच्या, आधी अंगातली भीती उतरू द्या, बोलणं मग. मी याला भर बैठकीत चालढकल म्हणालो. त्यांनी माझ्या पद्धतीचं नाव ठेवलं, उलटतपासणी. फिट्टंफाट.

मग एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या परवानगीनेच सांगतोय. सावत्र बापाने त्यांचं बालपण कोंडून, मारून संपवलं होतं. उपचाराचा हा शेवटचा प्रयत्न, असं बहिणीला सांगून आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे दार लावलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणालो, सांगा. बाई चाळीस मिनिटं गप्प. मी विद्वान माणूस. कागदावर शेरा मारला, 'सहकार्य करत नाही.' बाई पुन्हा आल्या नाहीत.

ताईंनी तो कागद वाचला. एवढंच विचारलं, "दार कोणी लावलं होतं?"

मीच लावलं होतं, कोंडून वाढलेल्या बाईंसमोर. त्यांनी शेरा खोडला, बहिणीला फोन करून बाईंना परत बोलावलं. सात महिने दार सताड उघडं, आणि त्या बापाबद्दल एक प्रश्न नाही. पाय जमिनीला टेकवून बसायचं, श्वास सावकाश सोडायचा, छाती धडधडली की खोलीतल्या पाच वस्तू मोजायच्या. जाता-येता मी टोमणा मारायचो, बालवाडी काढलीत का ताई?

आठव्या महिन्यात त्यांनीच बाईंना माझ्याकडे पाठवलं. म्हणाल्या, "आता सगळं ऐकणारा हवा. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं." जिंकत आलेला वाद असा कोण सोडून देतो?

बाई बोलल्या, रडल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. कितीतरी आठवड्यांनी त्या आठवणीच्या शेवटापर्यंत पोचल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, हे इथे संपतं? मला वाटायचं, ते अजून चालूच आहे."

कोणती पद्धत श्रेष्ठ, असं विचाराल तर मी आजही माझीच सांगेन, खोड आहे. पण माझ्या हातून गेलेलं माणूस ताईंनी परत आणलं आणि माझ्याच हाती दिलं, हे या माईकवर कबूल करतो.

ताई, तुमचे आभार. मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचेही. आवाज चढला असेल, एखादा शब्द लागला असेल, तर पोटात घाला.